बूड टेकण्यापुरती जागा

माणूस माणसाला समोरासमोर भेटतो, तिथेच मोठी कामं उभी राहतात.

हे वाक्य चौथ्या मजल्याच्या भिंतीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुरुषभर उंचीच्या अक्षरांत रंगवलेलं होतं. ज्या दिवशी ते रंगवलं, त्या दिवशी मजल्यावर रंगारी आणि नाना सोडले तर चिटपाखरू नव्हतं. त्यातला रंगारी एका हाताने 'समोरासमोर' रंगवत होता आणि दुसऱ्या हाताने फोन कानाला लावून कुणाला तरी सांगत होता, की उगाच एवढ्या लांब येऊ नका, काय ते फोनवरच बोलून घेऊ.

नाना हे नानांचं नाव नव्हे. अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांचे केस पांढरे झाले तेव्हा ऑफिसने ते त्यांना बहाल केलं आणि बावन्नाव्या वर्षापर्यंत परत घेतलं नाही. विम्याचे दावे तपासणाऱ्या त्या कंपनीत ते प्रशासन विभागात होते. म्हणजे खरं तर तेच प्रशासन विभाग होते. किल्ल्या, दिवे, ओळखपत्रं, पाण्याचं यंत्र आणि एकशेवीस खुर्च्या हा त्यांचा संसार. मजल्याच्या कोपऱ्यात, खांबाच्या आडोशाला, खिडकीजवळ त्यांचं स्वतःचं टेबल होतं. खांबामुळे मजल्यावरच्या साहेबांना नाना दिसत नसत आणि नानांना साहेब दिसत. नोकरीत याहून मोठं सुख नसतं.

मग तो काळ आला, की लोक आठवड्यातले दोन दिवस ऑफिसात आणि तीन दिवस घरी काम करू लागले. दोन दिवस कोणते हे ज्याचं त्याने ठरवायचं होतं. त्यामुळे ज्या चौघांनी मिळून काम करायचं ते चौघं चार वेगळ्या दिवशी येत, आणि ऑफिसात बसून घरी बसलेल्या तिघांशी स्क्रीनवर बोलत. मोठे साहेब, जे स्वतः दुसऱ्या शहरात राहत आणि फक्त स्क्रीनवर उगवत, त्यांनी यावर उपाय काढला. ऑफिसच असं करायचं, की लोकांना एकमेकांना भेटावंसं वाटलं पाहिजे.

त्यासाठी एक डिझायनर आली. पोरगी हुशार होती, बोलायला गोड होती. पहिल्या दिवशी ती नानांना सर म्हणाली आणि तिसऱ्या दिवशी काका. तिने नानांना एक फॉर्म भरायला दिला. त्यात प्रश्न होता : प्रत्येकाला कायमचं स्वतःचं टेबल असावं का?

नानांनी लिहिलं, 'अजिबात नसावं. जागेचा अपव्यय होतो.'

हे त्यांनी साहेबांना काय वाचायला आवडेल याचा विचार करून लिहिलं. नियम करणाऱ्याचं टेबल नियमात येत नाही, असा त्यांचा सव्वीस वर्षांचा अनुभव होता. पंधरा दिवसांनी आलेल्या नकाशात खांब होता, खिडकी होती, टेबल नव्हतं. तिथे एक हिरवा गोल होता आणि त्यात लिहिलं होतं, 'संवाद कट्टा'.

"इथे माझं टेबल होतं," नाना म्हणाले.

"हो ना काका! तुमचंच वाक्य मी पहिल्या पानावर टाकलंय," डिझायनर म्हणाली. "साहेबांना इतकं आवडलं!"

नकाशात आणखी एक गोष्ट नव्हती. दारापाशी वॉचमनची खुर्ची होती, लाकडी, एक हात मोडलेली, पाठीला दोरीने उशी बांधलेली. डिझायनरने ती हलवायला सांगितली, कारण ती रंगसंगतीत बसत नव्हती.

"मी बसतो ना तिच्यात, बाई," वॉचमन म्हणाला. "ती कशाला कशात बसायला पाहिजे?" आणि तो उठला नाही. तो दुसऱ्या एजन्सीचा माणूस असल्यामुळे त्याला कोणी उठवावं याचा कागद कुणाकडेच निघाला नाही. नकाशात तो मुळात नव्हताच, त्यामुळे राहिला.

मजला तयार झाला. भिंती गेल्या, कप्पे गेले, कोणाचंच काही कुठे राहिलं नाही. प्रत्येक टेबलाच्या पोटाखाली काडेपेटीएवढं एक यंत्र चिकटवलं होतं. खुर्चीत कुणी दहा मिनिटं बसलं, की ते यंत्र ती जागा त्या दिवसापुरती 'वापरात' धरे. किती वेळ बसलं हे त्यात नोंदलं जाई, पण कोण बसलं हे त्याला कळत नसे. माणसांच्या खासगीपणाचा आदर म्हणून ते तसं ठेवलं होतं.

उद्घाटनाला मोठे साहेब स्क्रीनवर आले. त्यांच्या मागे समुद्राचं चित्र होतं.

"नाना, तीन महिने बघू," ते म्हणाले. "रोज निदान साठ टक्के जागा वापरात दिसल्या, तर मजला ठेवू. नाही तर सोडून देऊ आणि सगळेच कायमचे घरून काम करू. तुम्हालाही आराम. काय?"

"वा," नाना म्हणाले.

आराम हा शब्द ज्या घराबद्दल साहेबांनी वापरला, ते घर एकदा पाहायला हवं. दोन खोल्या आणि एक बोळ. आतल्या खोलीत मुलगी, जी दार लावून परदेशातल्या गिऱ्हाइकांची समजूत काढायची. बाहेरच्या खोलीत बायको, जी सकाळी आठपासून कॉम्प्युटरवर गणिताच्या शिकवण्या घ्यायची. तिच्यासमोर सोफ्यावर नानांची आई, जिला ऐकू उत्तम यायचं आणि दिसायचं कमी, त्यामुळे ती प्रत्येक शिकवणीत मनापासून भाग घ्यायची. राहिला बोळ. बोळात कपडे धुण्याचं मशीन होतं आणि त्याच्यासमोर इस्त्रीचं टेबल. मागे सगळं बंद असताना चौदा महिने नाना त्या इस्त्रीच्या टेबलावर ऑफिस मांडून उभे होते. खुर्ची ठेवली तर न्हाणीघराचं दार उघडत नसे. मशीन कपडे पिळायला लागलं की लॅपटॉप थरथरे, आणि पलीकडचे लोक काळजीने विचारत, नाना, तुमच्याकडे भूकंप झाला का? एकदा मोठ्या साहेबांसमोर आढावा चालू असताना मागून आईचा आवाज आला होता, "अरे, तुझ्या पायजम्याची नाडी मशीनमध्ये अडकलीय, थांबवू का?"

साहेबांनी त्यावर 'नोंद घेतली' असं म्हटलं होतं.

तेव्हा मजला राहणं हा नानांच्या दृष्टीने कंपनीच्या धोरणाचा प्रश्न नव्हता. बूड कुठे टेकायचं, एवढाच तो प्रश्न होता.

पहिल्याच आठवड्यात आकडे आले. एकशेवीसपैकी साठ टक्के म्हणजे बहात्तर जागा. माणसं येत तीस. ती आपापल्या खुर्चीत रुतून, कानाला हेडफोन लावून, संध्याकाळपर्यंत एकमेकांकडे न पाहता बसत आणि निघून जात. शुक्रवारी तर आठच येत. संवाद कट्ट्यावर कुणी फिरकत नसे, कारण तिथे बसलं की काम नाही असं वाटतं, असं एकाने नानांना खासगीत सांगितलं.

दुसऱ्या सोमवारी नाना सहज म्हणून रिकाम्या टेबलापाशी बसले. दहा मिनिटांनी कॉम्प्युटरवरच्या नकाशात त्या टेबलाचा ठिपका राखाडीचा हिरवा झाला. नाना उठले आणि शेजारच्या टेबलापाशी बसले. दहा मिनिटांनी तोही हिरवा झाला.

माणूस फसतो तो अशा साध्या क्षणी.

तासाला सहा टेबलं, सात तासांची बेचाळीस. बेचाळीस आणि येणारे तीस, बरोबर बहात्तर. बेरीज इतकी चोख जमली, की हे आपल्यासाठीच लिहून ठेवलं होतं असं नानांना वाटलं.

त्या दिवसापासून नानांच्या पायाला भिंगरी लागली. काखेत लॅपटॉप, एका हातात चहाचा मग, दुसऱ्यात चार्जर. खिशातला फोन दहा मिनिटांनी थरथरला की उठायचं. पत्र लिहायला घेतलं तर 'महोदय' एका टेबलावर, विषय दुसऱ्यावर आणि सही तिसऱ्यावर. डबा चार टेबलांवर मिळून संपायचा. कुणी विचारलं तर ते म्हणत, "दिवे तपासतोय." लोकांनी पुन्हा विचारलं नाही. हेडफोन काढून विचारण्याएवढा तो विषय मोठा नव्हता.

शुक्रवारचं गणित मात्र जमेना. आठ अधिक बेचाळीस पन्नास. बावीस जागा कमी. नानांनी पहिला शुक्रवार तळमळत काढला आणि दुसऱ्या शुक्रवारी सफाईच्या मावशींना गाठलं.

"मावशी, एक काम होतं. जरा बसाल का?"

"काय सांडलं?"

"काही नाही सांडलं. बसायचंय. या टेबलापाशी दहा मिनिटं, मग त्या."

मावशींनी फडकं खांद्यावर टाकलं. "अठरा वर्षं झाली मला इथे," त्या म्हणाल्या. "कुणी बसा म्हणालं नाही. आज बसा म्हणताय तर दहा मिनिटांनी उठा पण म्हणताय."

"अकरा जागा आहेत, मावशी. एकूण एकशेदहा मिनिटं."

"मग एकाच जागी देऊन टाका ना एकशेदहा."

पण त्या बसल्या. उरलेल्या अकरा जागा वॉचमनने घेतल्या. तो स्वतःच्या खुर्चीवर टोपी ठेवून यायचा, म्हणजे कुणी बसू नये. तीन शुक्रवार गेल्यावर तिघांचा क्रम असा बसला, की दुपारी तीन वाजता तिघं एकाच वेळी संवाद कट्ट्यावर यायचे. तिथे दहा मिनिटं नाना बसल्या बसल्या किटलीत चहाचं पाणी उकळायचे, मावशी सुनेचं गाऱ्हाणं सांगायच्या आणि वॉचमन त्यावर सल्ला द्यायचा. सल्ला दर वेळी एकच असे, की तुम्ही वेगळं राहा.

"राहू कुठं? जागा पाहिजे ना," मावशी म्हणायच्या.

"इथे एकशेवीस आहेत," वॉचमन म्हणायचा, आणि फोन थरथरला की तिघं उठायचे.

नानांना आजारी पडायची सोय उरली नाही. ताप आला तरी बेचाळीस, पाठ धरली तरी बेचाळीस. रजा घेतली तर त्या दिवशीचा आकडा तीसवर येणार, आणि तो आलेख साहेबांच्या टेबलावर पोचणार. आईचे डोळे दाखवायचे होते. डॉक्टर फक्त शुक्रवारी वेळ देत होता.

"पुढच्या शुक्रवारी नेतो गं," नाना तिसऱ्यांदा म्हणाले.

"काही घाई नाही," आई म्हणाली. "अजिबात दिसेनासं झालं की मी हाक मारीन."

जेवायला बसले की नाना दहा मिनिटांनी आपोआप उठून उभे राहत. पहिल्यांदा बायकोला वाटलं, मीठ हवंय.

"अहो, मुंग्या लागल्यात का?" ती एके दिवशी म्हणाली. "दोन घास झाले की उभे. सिनेमाला उभे, पलंगावर उभे. काल त्या लग्नाच्या बोलणीला आलेल्या लोकांसमोर तीनदा जागा बदललीत. ती माणसं मुलीला सोडून तुम्हालाच बघत होती."

"कामाचा ताण आहे."

"ऑफिसात करता काय एवढं?"

"बसतो," नाना म्हणाले, आणि हे खरं असून कुणालाच सांगता येणार नाही हे त्यांना तेव्हा कळलं. साहेबांना सांगावं, तर मजला जातो. बायकोला सांगावं, तर अक्कल निघते. आणि थांबावं, तर तो बोळ, ते मशीन, ते इस्त्रीचं टेबल. मधल्या काळात त्यांनी एकदा संवाद कट्ट्यावर, आपल्या जुन्या जागी, जरा जास्त वेळ बसून पाहिलं. खांब तोच होता, खिडकी तीच. पंधराव्या मिनिटाला ते धडपडत उठले. त्या पाच मिनिटांत अर्धं टेबल बुडालं होतं.

आईला शेवटी मुलीने नेलं. डॉक्टर म्हणाला, लवकर आणायला हवं होतं. आई म्हणाली, "मुलगा कामात असतो. त्याला बसायला फुरसत नाही."

तीन महिने संपले. आढाव्याची बैठक संवाद कट्ट्यावर ठेवली होती. डिझायनर नवे बूट घालून आली होती, भिंतीवर मोठे साहेब आणि त्यांचा समुद्र होता. नानांना बसायला सांगितलं, तेव्हा त्यांनी सवयीने फोनमधलं घड्याळ लावलं.

"पहिला आकडा," डिझायनर म्हणाली. "सुरुवातीचे दोन आठवडे सोडले, तर रोज बरोबर साठ टक्के."

नानांचा जीव भांड्यात पडला. मजला राहिला. बोळ टळला. आता आपण एकच टेबल धरू आणि निवृत्तीपर्यंत तिथून हलणार नाही, असं त्यांच्या मनात आलं, आणि तेवढ्यात तिने दुसरा आलेख लावला.

"आणि हे बघा, सर. मी दहा वर्षं हे काम करतेय, पण असं कुठेच पाहिलं नाही. इथला माणूस एका जागी बसतो किती? दहा मिनिटं. रोजच्या बहात्तरपैकी बेचाळीस जागांवर, अगदी सेकंदाच्या हिशेबात, दहा मिनिटं! लोक बसतायत, भेटतायत, उठतायत. अख्खा मजला वाहतोय. आणि दर शुक्रवारी तीन वाजता संवाद कट्ट्यावर तिघांची टीम भेटते. गेल्या दोन महिन्यांत एकही शुक्रवार चुकलेला नाही."

"कुठली टीम?" साहेबांनी विचारलं.

सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. दारापाशी वॉचमनने टोपी सरळ केली. मावशी काच पुसत होत्या, ती एकच काच त्या बराच वेळ पुसत राहिल्या.

"मिश्र विभाग आहेत," नाना म्हणाले.

"एक्सलंट! हेच तर हवं होतं," साहेब म्हणाले. "आणि ते बाकीचे तीस? दिवसभर चिकटून बसणारे?"

"जुन्या सवयीचे आहेत," डिझायनर म्हणाली. "सर, माझं म्हणणं असं की इथे खुर्ची हीच अडचण आहे. लोकांनी ती मनाने कधीच सोडलीय. उभी टेबलं लावू. भेटा, बोला, पुढे चला."

"काही लोकांना," नाना म्हणाले, "काही लोकांना बसावं लागतं."

"कोणाला, काका?" तिने खरोखर कुतूहलाने विचारलं. "बेचाळीस जागांचा आकडा समोर आहे. एक पंधरा मिनिटांचा अपवाद सोडला, तर त्यात एकही माणूस अकराव्या मिनिटाला बसलेला नाही."

एकच माणूस होता आणि तो समोर बसला होता. तोंड उघडलं की आकडा जाणार, आकडा गेला की मजला जाणार. नानांनी खांबाकडे पाहिलं. पूर्वी मजल्यावरचे साहेब समोर आले की तो खांब मध्ये यायचा. आता मोठे साहेब भिंतीवर होते आणि खांब पाठीमागे.

"नाना, तुमचं मत महत्त्वाचं. हा मजला तुम्ही रोज बघता," साहेब म्हणाले. "काय वाटतं?"

खिशातला फोन थरथरला. नाना उठून उभे राहिले.

"बघा!" साहेब आनंदाने ओरडले. "नानांनी उत्तर दिलं."

पुढच्या महिन्यात एकशेवीस खुर्च्या मालवाहू लिफ्टने खाली गेल्या. यादीवर सही नानांची होती, प्रत्येक पानावर. एक खुर्ची घरी नेता येईल का, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. पण ती ठेवली की न्हाणीघराचं दार उघडत नाही.

तीस जणांपैकी बावीस जण पाय दुखतात म्हणून घरूनच काम करू लागले. चौथा मजला मात्र कंपनीने ठेवला आहे आणि इतर शहरांतली माणसं तो स्क्रीनवर बघतात. पुढच्या तीन महिन्यांसाठी पंचाहत्तर टक्क्यांचं लक्ष्य आहे. उभ्या टेबलापाशी पाच मिनिटं उभं राहिलं तरी ती जागा वापरात धरली जाते, त्यामुळे नानांची तासाला बारा होतात.

मजल्यावर खुर्ची एकच आहे. ती वॉचमनची आहे.